जपणूक आणि जबाबदारी : वॉल्टर मिलर यांची 'लिबोविट्झ' कादंबरी

विज्ञानकथेकडे पाहण्याच्या दोन रीती आपल्या पाळकवर्गात रूढ आहेत. पहिली रीत दुर्लक्षाची. अंतराळयाने, यंत्रमानव, परग्रहावरील प्राणी ही मुलांच्या करमणुकीची सामग्री. तिच्याशी धर्मशास्त्राचा संबंध तो काय, असे मानून हा विषय बाजूस सारला जातो. दुसरी रीत सोयीची. तरुणसंघाच्या सभेत एखाद्या गाजलेल्या चित्रपटाचा उल्लेख करावयाचा, त्यातील नायकाच्या बलिदानात ख्रिस्ताची छाया दाखवावयाची आणि तेथून चटकन आपल्या ठरलेल्या उपदेशाकडे वळावयाचे. ही दुसरी रीत मीही पुष्कळदा अवलंबिली आहे, म्हणूनच तिची उणीव मला ठाऊक आहे. तिच्यात कथा वाचली जात नाही, नुसती वापरली जाते.

मराठी वाचकाच्या बाबतीत याला आणखी एक कारण आहे. आपल्या भाषेत ह्या वाङ्मयप्रकाराने मूळ धरले ते मुख्यतः विज्ञानप्रसाराचे एक साधन म्हणून. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेसाठी डॉ. जयंत नारळीकर यांनी 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठविली, ही हकीकत बहुतेकांना माहीत आहे. २०२५ साली दिवंगत झालेल्या या शास्त्रज्ञाचे मराठीवर ऋण मोठे आहे. परंतु त्यांच्या कथांचे वाचन आपण शाळेतल्या विज्ञानाच्या तासाचा गोड शेवट म्हणून केले, आणि त्यापलीकडे या प्रकाराकडून काही मागावे असे आपणांस वाटले नाही. (त्यांच्या एका कादंबरीचे नाव 'प्रेषित' आहे. आपल्या मंडळीतील एखाद्या वृद्ध गृहस्थाने ते नाव वाचून ती पौलाचे चरित्र समजून ग्रंथालयातून घरी नेली, तर त्यांना कोणी हसू नये.)

ज्या कादंबरीविषयी मला लिहावयाचे आहे तिच्याकडे वळण्यापूर्वी एका छोट्या कथेचा उल्लेख करणे आवश्यक आहे, कारण धर्म आणि विज्ञानकथा हा विषय निघाला की तिचेच नाव प्रथम घेतले जाते. आर्थर क्लार्क यांची 'द स्टार' ही १९५५ सालची कथा. एक जेजुइट धर्मगुरू, जो स्वतः खगोलशास्त्रज्ञ आहे, स्फोट होऊन विझलेल्या एका दूरच्या ताऱ्याच्या अवशेषांकडे गेलेल्या यानावर आहे. त्या ताऱ्याभोवतीच्या सर्वांत बाहेरच्या ग्रहावर त्याला व त्याच्या सहकाऱ्यांना एक पुरून ठेवलेला ठेवा सापडतो. आपला सूर्य आता फुटणार हे कळल्यावर तेथील लोकांनी आपल्या संस्कृतीच्या खुणा त्या ग्रहावर जतन करून ठेवल्या होत्या. ते लोक सुसंस्कृत होते, आनंदी होते. स्फोटाचा उजेड पृथ्वीवर कधी पोहोचला असेल याचे गणित तो धर्मगुरू करतो आणि त्याच्या श्रद्धेचा पाया हादरतो, कारण तोच उजेड बेथलेहेमवर दिसला होता.

कथा कसबी आहे, यात शंका नाही. पण तिला मी थोर म्हणणार नाही. शेवटच्या वाक्यात सारा दारूगोळा ठासून भरलेला. तो उडाला की कथा संपते, आणि विचार जेथे सुरू व्हावयाचा तेथेच लेखक दिवा मालवून निघून जातो. शिलोहाचा बुरूज कोसळून मेलेल्या अठरा जणांविषयी आपल्या प्रभूने जे विचारले (लूक १३), तोच हा प्रश्न ताऱ्यांच्या मापाने मांडलेला आहे. बुरुजाखाली अठरा मेले काय आणि ताऱ्याखाली एक सबंध मानवजात मेली काय, प्रश्नाचे वजन वाढते. त्याचे स्वरूप बदलत नाही. पण क्लार्क यांच्या कथेतील एक गोष्ट ध्यानात ठेवावी : तो ग्रहावर पुरलेला ठेवा. क्लार्क यांना त्याचा उपयोग केवळ एक पुरावा म्हणून आहे. ज्यांनी तो ठेवला त्यांच्या हातांचा, त्यांच्या आशेचा विचार कथेत फारसा नाही. वॉल्टर मिलर यांच्या 'अ कँटिकल फॉर लिबोविट्झ' या कादंबरीत मात्र ठेवा जतन करणारे हात हाच विषय आहे, आणि म्हणूनच मला ती पाळकांच्या व धर्मशिक्षकांच्या वाचनास अधिक योग्य वाटते.

मिलर यांचे चरित्र येथे टाळता येत नाही. १९२३ साली अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यात त्यांचा जन्म झाला. दुसऱ्या महायुद्धात ते अमेरिकन बॉम्बफेकी विमानांवर काम करीत होते आणि इटली व बाल्कन प्रदेशांवरील पन्नासाहून अधिक उड्डाणांत त्यांनी भाग घेतला. त्यांतील एक उड्डाण १५ फेब्रुवारी १९४४ रोजी मोंते कासिनोच्या मठावर झालेल्या बॉम्बवर्षावाचे होते. हा मठ संत बेनेडिक्ट यांनी सहाव्या शतकात स्थापिला. पाश्चात्त्य ख्रिस्ती मठजीवनाचे ते उगमस्थान. तेथील बंधूंनी पिढ्यान्‌पिढ्या प्रती करून पवित्र शास्त्राबरोबरच रोमन वाङ्मयाचाही मोठा भाग नाशातून वाचविला. मठात जर्मन सैन्य दडले आहे अशा समजुतीने दोस्त राष्ट्रांनी तो जमीनदोस्त केला. मेले ते बहुतांशी तेथे आश्रयाला आलेले गावकरी. ग्रंथालय मात्र वाचले, कारण काही महिने आधी दोघा जर्मन अधिकाऱ्यांच्या पुढाकाराने त्यातील बहुमोल ग्रंथ व दप्तरे मालमोटारींत भरून रोमला हलविण्यात आली होती. शत्रूने पुस्तके वाचविली आणि मुक्तिदात्यांनी मठ पाडला, असा हा इतिहासाचा विपरीत हिशेब आहे.

हे रणांगण आपल्याला वाटते तितके परके नाही. बॉम्बवर्षावाची मागणी करणारा सेनानी चौथ्या भारतीय डिव्हिजनचा प्रमुख होता. त्याच इटलीच्या मोहिमेत मराठा पलटणींनी रक्त सांडले आणि यशवंत घाडगे व नामदेव जाधव या शिपायांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ज्या रेजिमेंटचे ते वीर, तिचे केंद्र बेळगावात आहे. त्या बाजूच्या आपल्या पाळकांना इटलीहून परत आलेल्या आजोबांच्या गोष्टी सांगणारी घरे अजून भेटत असतील.

युद्ध संपल्यावर, १९४७ साली, मिलर यांनी कॅथलिक पंथाचा स्वीकार केला. १९५५ ते १९५७ या काळात त्यांनी एका अमेरिकन विज्ञानकथा मासिकात तीन दीर्घ कथा लिहिल्या. त्यांवर पुन्हा संस्कार करून १९५९ च्या अखेरीस त्यांची कादंबरी झाली. १९६१ साली तिला विज्ञानकथांचे ह्यूगो पारितोषिक मिळाले. त्यानंतर मिलर जवळजवळ मुके झाले. या कादंबरीला जोडून लिहावयास घेतलेला दुसरा ग्रंथ अपुरा राहिला आणि दुसऱ्या लेखकाने पुरा केल्यावर १९९७ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाला. मठावर बॉम्ब टाकणाऱ्या मनुष्याने मठाविषयी एकच मोठे पुस्तक लिहिले. त्याला प्रायश्चित्त म्हणण्याचा मोह होतो, पण तो शब्द मी लेखकाच्या तोंडी घालू इच्छीत नाही.

कादंबरीचे कथानक थोडक्यात असे. विसाव्या शतकात अणुयुद्ध होते. कादंबरीतील लोक त्याला 'अग्निप्रलय' म्हणतात. वाचलेले लोक संतापाने विद्वानांवर उठतात. ज्या विद्येने हा नाश ओढवला ती विद्याच नको, असे म्हणून शास्त्रज्ञ, शिक्षक, पुढे पुढे तर नुसते लिहिता-वाचता येणारे लोकही मारले जातात. ग्रंथ जाळले जातात. आयझॅक एडवर्ड लिबोविट्झ हा शस्त्रनिर्मितीच्या कामावरील एक ज्यू इंजिनिअर. युद्धानंतर तो मठवासी होतो आणि पुस्तके लपविण्यासाठी व मुखोद्गत करण्यासाठी एक संघ स्थापन करतो. त्यालाही जमाव ठार मारतो. कादंबरी सुरू होते ती यानंतर सहाशे वर्षांनी, अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडील वाळवंटातील त्याच्या मठात. मठातील बंधू जुन्या कागदांचे तुकडे जपताहेत, त्यांच्या प्रती काढताहेत. त्यांत काय लिहिले आहे ते त्यांपैकी कोणालाही कळत नाही.

पहिल्या भागाचे नाव लॅटिनमध्ये 'मनुष्य होवो' अशा अर्थाचे आहे. त्यात फ्रान्सिस नावाचा एक भोळा उमेदवार बंधू उपवासकाळात वाळवंटात एकटा असता त्याला एक जुने तळघर सापडते. दारावर 'फॉलआउट'पासून बचावाचे स्थान अशा अर्थाची पाटी आहे. अणुस्फोटानंतर खाली येणाऱ्या विषारी धुळीचा हा शब्द त्याला ठाऊक नाही. तो एखादा भयंकर राक्षस असावा अशी त्याची समजूत होते आणि दार उघडावयास तो थरथरतो. हा विनोद आहे खरा, परंतु फ्रान्सिसच्या अज्ञानात चूक किती आणि तथ्य किती, हे सांगणे कठीण. आत त्याला धन्य लिबोविट्झ यांच्या हातचे कागद मिळतात : बाजारातून आणावयाच्या खाद्यपदार्थांची एक यादी आणि विजेच्या मंडलाची एक निळी आकृती. त्या आकृतीची सोनेरी वेलबुट्टीने सजविलेली प्रत काढण्यात फ्रान्सिस आयुष्याची पंधरा वर्षे घालवितो. आकृती कशाची, हे त्याला शेवटपर्यंत कळत नाही.

पुढे लिबोविट्झ यांना संतपद देण्याचा समारंभ ठरतो. फ्रान्सिस मूळ कागद आणि आपली प्रत घेऊन नव्या रोमकडे निघतो. वाटेत दरोडेखोर त्याला लुटतात. दोहोंपैकी अधिक मोलाची कोणती असा विचार करून ते ती सोनेरी प्रत नेतात आणि मूळ निळा कागद त्याच्या हाती ठेवतात. रडवेला झालेला फ्रान्सिस पोपसमोर उभा राहतो, तेव्हा वृद्ध पोप त्याची समजूत घालतात : तुझी प्रत नसती तर चोरांनी मूळ कागदच नेला असता, तुझी पंधरा वर्षे त्या कागदाच्या रक्षणात खर्ची पडली. परतीच्या वाटेवर फ्रान्सिस बाण लागून मरतो. एवढाच त्याचा वृत्तान्त.

हा पहिला भाग मी तीन वेळा वाचला. दर वेळी मला आपल्या धर्मशिक्षकांची आठवण झाली. रविवारच्या शाळेत आठ वर्षांच्या मुलांकडून विश्वासांगीकार पाठ करवून घेणारा शिक्षक दुसरे काय करीत असतो? मुलांना त्यातले थोडे कळते. शिक्षकाला काही अधिक कळत असेल. ज्यांनी ते शब्द प्रथम घडविले त्यांच्या मनातील सारा आशय आज कोणाच्याही मुठीत नाही. तरी ते शब्द हातोहात पुढे जातात. न कळणाऱ्या गोष्टीची निष्ठेने केलेली नक्कल हास्यास्पद आहे, असे मिलर म्हणत नाहीत. ती केवळ वंदनीय आहे, असेही म्हणत नाहीत. हसता हसता ते आपल्याला फ्रान्सिसवर प्रेम करावयास लावतात, आणि मग तो कागद कशाचा होता हा विचार आपल्या मनात सोडून देतात.

न समजणाऱ्याने जपलेल्या ग्रंथाचे आपल्याकडील उदाहरण वाचकाच्या मनात एव्हाना आलेच असेल. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली छापले गेले आणि नंतर १६४९ व १६५४ साली पुन्हा. या तिन्ही मुद्रित आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. १६८४ साली गोव्याच्या व्हाइसरॉयने देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलण्याचा हुकूम काढला. ग्रंथ तरला तो हस्तलिखितांतून, गोवा सोडून दक्षिण कानड्यात गेलेल्या ख्रिस्ती घराण्यांच्या पेट्यांतून. त्यांची घरची बोली कोकणी आणि पुराणाची भाषा मराठी. नकलून काढणाऱ्या प्रत्येकाला प्रत्येक ओवीचा अर्थ उमगत होता असे समजण्याचे कारण नाही. पण अशा प्रतींच्या आधारेच १९०७ साली मंगळूर येथे सालढाणा यांना रोमन लिपीत ते पुन्हा छापता आले. अशा अनामिक हातांविषयी आपल्याला कृतज्ञता वाटते आणि ती योग्यच आहे. परंतु ख्रिस्तपुराण आणि विजेची आकृती यांत एक भेद आहे, आणि मिलर यांच्या कादंबरीचे मर्म त्या भेदात आहे. ख्रिस्तपुराणाची प्रत चुकीच्या हाती पडली म्हणून शहर जळत नाही.

दुसरा भाग, 'प्रकाश होवो', इसवी सन ३१७४ मध्ये घडतो. जगात पुन्हा राज्ये उभी राहत आहेत, विद्येला पुन्हा मान येतो आहे. 'थॉन' ही विद्वानाची पदवी धारण करणारा तादेओ नावाचा एक प्रतिभावंत मठातले कागद पाहावयास येतो. त्याच्या स्वागतासाठी बंधू कोर्नहोर जुन्या कागदांच्या आधारे विजेचा दिवा तयार करतो. चार बंधू चक्र पायांनी फिरवितात तेव्हा तो पेटतो. दिवा टांगावयास तळघरातील ग्रंथालयात जागा सापडत नाही. म्हणून भिंतीवरचा क्रूस काढून तेथे तो लावला जातो.

या प्रसंगावर पुष्कळांनी लिहिले आहे आणि बहुतेकांनी तो सरळ रूपक म्हणून वाचला आहे : क्रूस गेला, विज्ञान आले. मला हे वाचन उथळ वाटते. क्रूस काढणारा कोणी नास्तिक नव्हे, मठातीलच एक नेमस्त बंधू आहे; त्याला फक्त हुक हवा होता. आपल्या उपासनामंदिरांत ध्वनिक्षेपकाच्या तारा ओढताना, पडदा टांगताना, आपणही हुकच शोधीत असतो. मठाधिपती डोम पाउलो यांना दिव्याचा आनंद होतो आणि त्याच वेळी पोटात गोळा येतो. त्या दोन्ही भावना खऱ्या आहेत, आणि लेखक त्यांपैकी एकीलाही खोटे पाडीत नाही.

तादेओ चिडतो : इतके ज्ञान शतकानुशतके या लोकांनी नुसते दाबून ठेवले! त्याचा संताप अन्यायाचा नाही. परंतु ज्या राजाच्या आश्रयाने तो संशोधन करतो तो हॅनेगन शेजारची राज्ये गिळण्याच्या तयारीत आहे. तादेओबरोबर आलेले लष्करी अधिकारी ग्रंथ पाहत नाहीत, मठाच्या तटबंदीचे नकाशे काढतात. डोम पाउलो त्याला विचारतात की, तू हे ज्ञान कोणाच्या हाती देणार? तादेओचे म्हणणे असे की, राजे चांगले होईपर्यंत थांबावयाचे ठरले तर विद्या कधीच पुढे जाणार नाही. या वादात कोण जिंकतो? मला वाटते, कोणीच नाही. कारण हा प्रश्न मठाला स्वतःलाही लागू आहे, आणि हे डोम पाउलो यांना मनातून कळलेले आहे. सहाशे अधिक सहाशे वर्षे आम्ही हे जपले, ते कोणासाठी? 'देवाच्या गौरवासाठी' हे उत्तर त्यांच्याजवळ आहे. पण हॅनेगनही त्या गौरवाच्या वाटेत उभा आहे.

तिसऱ्या भागाचे नाव प्रभूच्या प्रार्थनेतून घेतलेले आहे : देवाची इच्छा पूर्ण होवो, अशा अर्थाचे. साल ३७८१. मनुष्याने पुन्हा विमाने, अंतराळयाने आणि अण्वस्त्रे केली आहेत. पुन्हा युद्ध येते. जे मठाने जपले त्याच्या पायावर दुसरा अग्निप्रलय उभा राहिला आहे.

येथे आपल्या वाचकाला एक सावधगिरीची सूचना करावीशी वाटते. युगचक्राच्या कल्पनेत वाढलेल्या मनाला ही रचना ओळखीची वाटेल : कलियुग आले, प्रलय झाला, पुन्हा आरंभ. काही पाश्चात्त्य समीक्षकांनीही या कादंबरीला चक्राकार इतिहासाची कथा म्हटले आहे. पण मिलर यांच्या जगात काळ फिरतो म्हणून नाश होत नाही. प्रत्येक वेळी कोणीतरी निर्णय घेतो. त्याचे नाव, त्याचा हुद्दा, त्याची सबब लेखक आपल्याला देतो. हॅनेगनला दुसरा मार्ग होता. तादेओला होता. उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात जे घडते ते ऋतूसारखे घडत नाही. पुनरावृत्ती ही नियतीची नव्हे, पापाची आहे. आणि पापाची पुनरावृत्ती कंटाळवाणी असते हेही या कादंबरीने दाखविले आहे.

या भागातील मठाधिपती झर्ची आणि डॉ. कॉर्स यांचा संघर्ष हा पाळकाने पुनःपुन्हा वाचावा असा आहे. किरणोत्सर्गाने भाजलेले निर्वासित मठाच्या आश्रयाला येतात. डॉ. कॉर्स सरकारच्या वतीने त्यांची तपासणी करतो आणि ज्यांची आशा नाही त्यांना सरकारी छावणीत वेदनारहित मरण स्वीकारण्याचा सल्ला देतो. तो क्रूर नाही. दिवसभर मरणारी मुले पाहून तो थकलेला आहे. झर्ची एका तरुण आईला तिच्या मरणोन्मुख तान्ह्या मुलीसह त्या छावणीकडे जाण्यापासून परावृत्त करू पाहतात. लहानपणी गाडीखाली सापडलेल्या मांजराला दयेपोटी मारावयास गेलो, पण ते मांजर शेवटपर्यंत झुडपाकडे सरपटण्याची धडपड करीत होते, ही आठवण ते तिला सांगतात. ते विनवतात, समजावतात, अखेर हुकूम करतात. पोलीस येतात, आई मुलीला घेऊन छावणीत जाते. आणि मठाधिपती रागाच्या भरात डॉक्टरच्या तोंडावर ठोसा मारतात.

झर्ची यांचे तत्त्व मला मान्य आहे. कादंबरीकारालाही ते मान्य असावे. म्हणूनच त्या ठोशाचे मोल मोठे आहे. लेखकाने आपल्या पक्षाच्या वकिलाला विजय दिला नाही. त्याला बरोबर ठेवून हरविले आणि वर त्याच्या हातून पाप घडविले. आपल्याकडील धार्मिक कथांत पाळकाचे म्हणणे खरे असले की ते ऐकणाऱ्याचे हृदय शेवटच्या पानावर पाझरतेच. प्रत्यक्षात तसे होत नाही, हे रुग्णालयात खाटेशेजारी बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. भारतात २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने उपचार थांबवून मरण येऊ देण्यास काही अटींवर मान्यता दिली. तो प्रश्न आणि कॉर्सच्या छावणीचा प्रश्न एक नव्हेत, त्यांची सरमिसळ करू नये. परंतु ज्या कुटुंबाला अतिदक्षता विभागाच्या दाराशी उत्तर द्यावे लागते, त्याच्याशी बोलताना तत्त्व हातात असूनही माणूस निसटतो तो कसा, हे या प्रकरणातून शिकावे.

मिलर यांच्याविषयी आणखी एक गोष्ट सांगणे प्राप्त आहे, कारण ती कोठे ना कोठे वाचकाच्या कानावर येईलच. पत्नीच्या निधनानंतर काही महिन्यांनी, जानेवारी १९९६ मध्ये, त्यांनी स्वतःच्या हाताने आपले जीवन संपविले. ज्याने झर्चीचे भाषण लिहिले त्याचा शेवट असा झाला. काही जण हे त्या भाषणाचे खंडन म्हणून पुढे करतात. मला ते केवळ निर्दयपणाचे वाटते. युद्धाच्या आठवणींनी आणि खिन्नतेने ग्रासलेला मनुष्य आपल्या स्वतःच्या शब्दांना धरून राहू शकला नाही, यावरून ते शब्द खोटे ठरत नाहीत. आपल्या प्रवचनांचेही तसेच आहे. अशा मृत्यूनंतर शोकाकुल घरी गेल्यावर आपण काय बोलतो, आणि काय न बोलता राहतो, याचा विचार मात्र या निमित्ताने व्हावा.

कादंबरीत दोष आहेत. स्त्रिया जवळजवळ नाहीत. ज्या आहेत त्या दुःख भोगण्यापुरत्या. तिन्ही भागांतून वावरणारा एक वृद्ध यात्रेकरू 'भटक्या यहुद्या'च्या मध्ययुगीन दंतकथेवर बेतलेला आहे. लेखकाने त्याला प्रेमाने, विनोदाने रंगविले आहे, हे खरे. पण त्या दंतकथेचा उपयोग यहुदी लोकांचा छळ योग्य ठरविण्यासाठी ख्रिस्ती युरोपने शतकानुशतके केला, आणि १९५९ साली, त्या छळाची परिसीमा जगाने नुकतीच पाहिली असताना, मिलर यांनी तिला इतक्या सहजपणे हात घालावा याचे आश्चर्य वाटते. तसेच रोमन मंडळीबाहेरच्या ख्रिस्ती लोकांचे त्या हजारो वर्षांत काय झाले, याचा त्यांना जणू प्रश्नच पडलेला नाही. आम्हांला पडतो. असो.

शेवटचा प्रसंग सर्वांत अवघड आहे. त्यावर मला समाधानकारक उत्तर सापडलेले नाही. श्रीमती ग्रेल्स ही टोमॅटो विकणारी एक म्हातारी. किरणोत्सर्गाच्या पिढीजात परिणामाने तिला दुसरे एक शिर आहे. ते निद्रिस्त आहे, आणि त्याचे नाव तिने राहेल ठेवले आहे. राहेलचा बाप्तिस्मा करावा असा हट्ट तिने वर्षानुवर्षे धरला. पाळकांनी नियमावर बोट ठेवून तो टाळला. स्फोट होतो, मठ कोसळतो, झर्ची दगडांखाली अडकतात. तेव्हा ग्रेल्सचे शिर निस्तेज झालेले असते आणि राहेल जागी होते : लहान मुलासारखी, भाषा न जाणणारी, चेहऱ्यावर भीतीचा लवलेश नसलेली. झर्ची आता तिचा बाप्तिस्मा करू पाहतात. ती नकार देते. उलट ढिगाऱ्यात विखुरलेल्या पवित्र भाकरीतील एक तुकडा उचलून ती त्यांच्या मुखात घालते.

ही पापरहित नवी मानवजात आहे, असे लेखक सुचवितो. धर्मशास्त्राच्या दृष्टीने हे मला पटत नाही. अणुस्फोटातून निष्पाप मनुष्य जन्मतो, ही कल्पना अग्नीला तारकाचे स्थान देते, आणि कृपेचे काम अपघाताकडे सोपविते. आमच्या एका सहकारी प्राध्यापकांशी यावर माझा दोन संध्याकाळी वाद झाला. राहेल म्हणजे नवी सृष्टी नव्हे, मरणाऱ्या पाळकाला मिळालेले दर्शन आहे, असे त्यांचे मत. पुस्तकात त्याला आधार थोडा आहे. पण एक गोष्ट आम्हां दोघांना नाकारता आली नाही. अठराशे वर्षे या मठाने जपले आणि पुढे दिले. त्या परंपरेच्या अखेरच्या प्रमुखाजवळ आता देण्यासारखे काही उरलेले नाही. आणि जिने एक अक्षरही कधी जपले नाही, जिला आम्ही दारातून परत पाठविले, तिच्या हातून तो घेतो.

इकडे बंधू जोशुआ मुलांना, बंधूभगिनींना आणि जपलेल्या सर्व कागदांच्या प्रतींना घेऊन दुसऱ्या ताऱ्याकडे जाणाऱ्या यानात बसतो. होय, कागदही बरोबर आहेत. शेवटचा बंधू चढताना आपल्या वहाणा काढून एकमेकींवर आपटतो आणि धूळ झाडतो. मग दरवाजा बंद होतो. पृथ्वीवर एक शार्क मासा खोल पाण्यात निघून गेला आहे, आणि त्या हंगामात तो फार भुकेला आहे.